धोरणाच्या शाळेत आपले माणूस



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला निमंत्रण दिले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही कामगार कायद्यांवर बोलावे. ती अपेक्षा रास्त होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता देशात लागू झाल्या, एकोणतीस जुने कायदे त्यांत सामावले गेले, आणि त्या घडामोडीवर कामगार संघटकाने बोलू नये तर कोणी बोलावे? परंतु आम्ही चिटणिसांना कळविले की, आम्हांला एका अर्जावर बोलायचे आहे. सार्वजनिक धोरण आणि लोकप्रशासन या विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी करावयाच्या अर्जावर. चिटणीस क्षणभर गप्प राहिले. विद्यापीठाची पायरी आम्ही आजवर चढलो ती मोर्चा घेऊन. प्रवेश मागण्यासाठी कधी चढलो नाही. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, लेबर कोर्टाच्या बाकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या दिव्याखाली. अशा माणसाने हा विषय का घ्यावा, ते व्याख्यानाच्या ओघात उमगेलच.

निमित्त घडले ते शीव कोळीवाड्यात. शीव म्हणजे वेस, सीमा. मुंबई बेटाची ही उत्तरेकडची हद्द. तिथे कोळ्यांची वस्ती जुनी. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावण्या तिथे आल्या, पंजाबी आणि सिंधी कुटुंबे वसली, आणि पुढे कोळीवाड्याच्या नावाची तळलेली कोळंबी मुंबईभर उपाहारगृहांतून प्रसिद्ध झाली. खाणाऱ्यांपैकी किती जणांनी कोळीवाडा पाहिला आहे, हे विचारण्यात अर्थ नाही. हार्बर मार्गावरच्या स्टेशनाचे नाव कोळीवाडा होते, ते बदलून गुरु तेगबहादूर नगर झाले. नाव गेले याचे वस्तीला फारसे दुःख नाही. गुरूंचे नाव वाईट का असेल? दुःख निराळेच आहे. २०१२ साली पुनर्विकासाच्या वादात इथली काही घरे पाडली गेली आणि बायकामुले रस्त्यावर येऊन उभी राहिली. त्या वादाच्या मुळाशी एक शब्द होता. ही वस्ती कोळीवाडा आहे की झोपडपट्टी?

या प्रश्नावर जरा थांबले पाहिजे, कारण धोरण म्हणजे काय हे त्यात सगळे आले. 'झोपडपट्टी' म्हटले की १९७१ चा झोपडपट्टी अधिनियम येतो, १९९५ नंतरचे पुनर्वसन प्राधिकरण येते, विकासक येतो, पात्रता-अपात्रतेची यादी येते. 'कोळीवाडा' म्हटले की वहिवाट येते, गावपण येते, आणि समुद्र वा खाडीकाठ असला तर किनारा नियमन येते. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत बृहन्मुंबईतल्या कोळीवाड्यांसाठी खास तरतूद होती. १९८१ च्या विकास आराखड्यात किंवा राज्य शासनाच्या संबंधित नोंदींत जे कोळीवाडे म्हणून ओळखले गेले आहेत त्यांना ती लागू, असा तिचा आशय. आता पाहा. घर तेच, भिंत तीच, आत राहणारी बाई तीच. तिचा आजा कोळी होता की नाही याने काही ठरत नाही. कोणा नकाशा काढणाऱ्याने कोणत्या साली कोणता रंग भरला याने ठरते. मुंबईतल्या कोळीवाड्यांच्या सीमांकनाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले, त्याचे कारण याच रंगात आहे. चौकटीच्या आत येणाऱ्या जमिनीचा भाव एक आणि बाहेर राहणाऱ्या जमिनीचा दुसरा.

सफाई कामगारांच्या बाबतीत हाच खेळ आम्ही अधिक जवळून पाहिला. मुंबई महापालिकेत कंत्राटावर कचरा उचलणाऱ्या माणसांना कागदोपत्री 'स्वयंसेवक' म्हटले गेले आणि कंत्राटदारांना 'स्वयंसेवी संस्था'. स्वयंसेवकाला पगार नसतो, मानधन असते. रजा नसते, फंड नसतो. आणि ज्याला कामगार म्हटलेच नाही त्याला कंत्राटी कामगारांचा कायदा तरी कसा लागू व्हावा? कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा लढा वर्षानुवर्षे चालविला, आणि २०१७ च्या एप्रिलात सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. आमची संघटना त्या खटल्यात नव्हती, म्हणून ही बढाई नव्हे. पण आम्ही त्यातून एक गोष्ट टिपून ठेवली. 'स्वयंसेवक' हा शब्द झाडूवाल्याने शोधला नव्हता. तो कोणा शिकलेल्या माणसाने, वातानुकूलित खोलीत, टिपणी लिहिताना शोधला. आणि त्या खोलीत आपल्यातले कोणी बसलेले नव्हते.

आता त्या मुलीकडे वळू. तिची आई मासळी विकते, पहाटे बर्फ आणि म्हावरे आणायला निघते. वडील गोदीत होते, आता घरीच असतात. मुलीने बी.ए. केले, एका कचेरीत कंत्राटावर नोकरी धरली, आणि एके दिवशी संध्याकाळी आमच्याकडे येऊन म्हणाली, "काका, मला पब्लिक पॉलिसीत एम.ए. करायचंय. अर्ज लिहायला मदत कराल?" आम्ही तिला विचारले, हे शिकून काय होतात? ती म्हणाली, "जे कागद तुम्ही आम्हांला वाचून दाखवता, ते लिहिणारे होतात." आमच्या आयुष्यात आमच्या कामाची इतकी नेमकी व्याख्या कोणी केली नव्हती.

हे शिक्षण काही आकाशातून पडलेले नाही. अमेरिकेत वूड्रो विल्सन यांनी १८८७ साली प्रशासनाच्या अभ्यासावर निबंध लिहिला, तिथून या शास्त्राची सुरुवात मानतात. आपल्याकडे नागपूर विद्यापीठाने १९४९-५० च्या सुमारास लोकप्रशासन आणि स्थानिक स्वराज्य यांचा स्वतंत्र विभाग काढला. दिल्लीची लोकप्रशासन संस्था १९५४ ची. मुंबईत तर परंपरा याहून जुनी. १९२६ साली इथे स्थापन झालेल्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेने नगरपालिकांच्या नोकरांना शिकविले. नागपाड्यात १९३६ साली निघालेली समाजकार्याची पदव्युत्तर शाळा पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली आणि मग देवनारला गेली. मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग १९२१ पासूनचा, तो आज आपल्या नावातच 'पब्लिक पॉलिसी' हे शब्द मिरवतो. पवईच्या आय.आय.टी.तही धोरणाच्या अभ्यासाचे केंद्र आहे आणि तिथे या विषयाची पदव्युत्तर पदवी मिळते. शीव स्टेशनपासून यांतले काहीच दूर नाही. एक बस किंवा एक लोकल.

परंतु या विषयाचा आमचा खरा पूर्वज या संस्थांत नाही. तो परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. तिथे १९१५ साली एम.ए.साठी त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय ईस्ट इंडिया कंपनीचे प्रशासन आणि तिचा वित्तव्यवहार. नीट ऐका, मंडळी. अस्पृश्य म्हणून वर्गाबाहेर बसविलेला मुलगा परदेशी जातो आणि अभ्यासाला घेतो काय, तर राज्य चालविणाऱ्या कंपनीची वहीखाती! पुढे डॉक्टरेटसाठी विषय घेतला ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांच्या वित्तव्यवस्थेचा. तो ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. लंडनच्या पदवीचा विषय रुपयाचा प्रश्न, साल १९२३. आज ज्याला सार्वजनिक धोरण म्हणतात ते याहून वेगळे काय आहे?

आणि त्याचा उपयोग? १९३५ साली मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ स्थापन झाला, त्याचे नेतृत्व त्यांचे. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. हे घडविण्यासाठी मोर्चे लागले, संप लागले, यात शंका नाही, आणि आमच्यासारख्या माणसाने ते विसरणे कृतघ्नपणा होईल. पण मोर्चाने मिळविलेली गोष्ट कलमात कशी उतरवावी हे जाणणारा एक माणूस टेबलाच्या त्या बाजूला होता. आयुष्याच्या अखेरीस, १९५६ च्या जुलैत, त्यांनी मुंबईत राजकारणात उतरू इच्छिणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण शाळा सुरू केली. पहिल्या तुकडीत विद्यार्थी पंधरा. त्याच वर्षी डिसेंबरात ते गेले आणि १९५७ च्या मार्चनंतर शाळाही चालली नाही. त्या शाळेवर आमच्याकडे जितके बोलले गेले पाहिजे तितके बोलले गेलेले नाही. पुतळे उभारणे सोपे; पंधरा विद्यार्थ्यांचा वर्ग चालविणे कठीण.

कोलंबियाचा विषय निघाला म्हणून एक आडवळण घेतो. इंग्लंडात ऑक्सफर्डला १८९९ साली रस्किन कॉलेज निघाले, ते कामगारांसाठी. कामगार संघटना आपापली माणसे तिथे वर्गणी काढून पाठवीत. तिथल्या विद्यार्थ्यांनी १९०९ साली चक्क संप केला, आणि तो जेवणासाठी नव्हे, काय शिकवावे यासाठी! हे वाचून आम्हांला जो आनंद झाला तो आमच्या बायकोला अजून कळलेला नाही. या कॉलेजच्या संस्थापकांपैकी एक अमेरिकन, चार्ल्स बिअर्ड. आणि बाबासाहेब कोलंबियात होते त्या वर्षांत हेच बिअर्ड तिथे राज्यशास्त्राचे प्राध्यापक होते, शिवाय न्यूयॉर्कमध्ये शहराच्या कारभाराचे शिक्षण देणाऱ्या शाळेशीही त्यांचा संबंध होता. कामगारांचे कॉलेज आणि प्रशासनाची शाळा ही दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यात सुखाने नांदली. आमच्याकडे मात्र कामगार चळवळ एका गल्लीत आणि प्रशासनाचे शास्त्र दुसऱ्या गल्लीत, आणि दोन्ही गल्ल्यांच्या तोंडाशी पहारेकरी.

हे अगदी खरे आहे असेही नाही. परळला १९४७ साली बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट निघाले, आज त्याला नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आहे, आणि तिथे श्रमविज्ञानाची पदव्युत्तर पदवी मिळते. गंमत अशी की, तिथून शिकून निघालेले बरेचसे लोक आम्हांला भेटतात ते मालकाच्या बाजूच्या खुर्चीत. यात त्यांचा दोष धरू नये. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे भाग पाडले. जागा निघाल्या, पगार मालकाचा, मग निष्ठा कोणाची राहणार? आम्ही मात्र आमच्या पोरांना तिथे पाठविले नाही, पाठविण्याइतके पैसे कामगारांच्या वर्गणीतून कधी बाजूला काढले नाहीत, ही गोष्ट या शहरातल्या सगळ्या संघटनांना लागू आहे. लोखंड्यांचे नाव दारावर, आणि दारातून आत जाणारे आमचे किती?

लोखंडे हे तर अर्ज लिहिण्याचे आद्य गुरू. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज कारखाना आयोगापुढे ठेवला. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला भरून येईपर्यंत पगार. एकाही मागणीत विशेषण नाही. १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, दोन बायकाही तिथे बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज तुम्ही रविवारी सकाळी उशिरा उठता त्याचे मूळ त्या कागदात आहे.

आमच्या कोळीवाड्यातल्या मुलीने आपल्या अर्जाचा जो पहिला मसुदा आणला त्यात मात्र विशेषणांशिवाय दुसरे काही नव्हते. या अर्जांत 'उद्देशपत्र' नावाचा एक भाग असतो. उमेदवाराने आपण हे का शिकू इच्छितो ते एक-दोन पानांत लिहावयाचे. तिने लिहिले होते की, तिला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे, देशाच्या विकासात खारीचा वाटा उचलावा अशी तिची मनीषा आहे, आणि ही संस्था नामवंत आहे. आम्ही विचारले, "हे तुला कोणी सांगितले लिहायला?" ती म्हणाली, "सगळे असंच लिहितात." मग आम्ही तिला आमच्या कचेरीत बसविले आणि एका बडतर्फ कामगाराचे निवेदन वाचायला दिले. त्यात तारीख होती, पाळी होती, मुकादम काय म्हणाला ते होते, साक्षीदार कोण ते होते. आम्ही म्हटले, असे लिही. तू काय पाहिलेस? कधी? त्यात न कळलेले काय राहिले?

आठ दिवसांनी ती जे घेऊन आली त्यात बर्फ होता. आई रोज किती बर्फ घेते, उन्हाळ्यात तो किती वितळतो, शीतपेटी नसल्याने संध्याकाळी मासळी पडेल त्या भावाने कशी द्यावी लागते, आणि पालिकेच्या मंडईत जागेचा परवाना आजीच्या नावावर असल्याने तो आईच्या नावावर होण्यास किती खेपा पडल्या. त्यानंतर होते वस्तीत मोजणीला आलेल्या माणसांविषयी. तेव्हा ती शाळेत होती. मोजणीदारांच्या हातचा कागद तिने गल्लीतल्या बायकांना वाचून दाखविला, आणि 'अंदाजे क्षेत्र' या शब्दाचा अर्थ कोणी विचारला तेव्हा तिला तो सांगता आला नाही. तिने लिहिले की, 'अंदाज' कोण करतो, कशावरून करतो आणि तो चुकला तर कोणाकडे जायचे, हे शिकण्यासाठी मी अर्ज करीत आहे. आम्ही त्यात एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली. बाकी हात लावला नाही.

शिफारसपत्रांचे प्रकरण याहून अवघड. संस्था मागते ती प्राध्यापकांची पत्रे. ज्या महाविद्यालयात एका वर्गात शंभराच्या वर मुले, तिथे प्राध्यापकाला मुलीचा हजेरीक्रमांक ठाऊक असतो, मुलगी ठाऊक नसते. एका प्राध्यापिकाबाईंनी मात्र तिला घरी बोलावून दोन तास बोलून मग पत्र लिहिले. आम्हीही एक पत्र लिहिले, मराठीत, युनियनच्या कागदावर. ते कोणी वाचेल की नाही हे आम्हांला ठाऊक नाही. पण मुकादमाच्या प्रमाणपत्रावर माणसाची नोकरी ठरते, तर त्याला ओळखणाऱ्या संघटनेच्या शब्दाला काहीच वजन असू नये, हा न्याय आम्हांला पटत नाही.

मग दाखले. इथे ज्याने सरकारी कचेरीच्या रांगेत जन्म काढला त्याचा अनुभव कामी येतो. जातीचा दाखला, पडताळणीचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला, अधिवास. राज्याच्या यादीत कोळी समाज विशेष मागास प्रवर्गात येतो. त्यातल्या महादेव कोळी, मल्हार कोळी, टोकरे कोळी या जमाती अनुसूचित जमातींत आहेत, आणि या दोहोंची गल्लत केली तर वर्ष फुकट जाते. केंद्राच्या संस्थेत विशेष मागास प्रवर्ग हा रकानाच नाही. तिथली यादी निराळी, दाखल्याचा नमुना निराळा, आणि आपली जात तिथे कोणत्या नावाने आहे ते अर्जापूर्वी पाहून ठेवावे लागते. पडताळणीसाठी इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गाला पुरावा लागतो तो १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आता सांगा, ज्या आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नाही त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला आणायचा कुठून? आम्ही पालिकेच्या जुन्या जन्मनोंदी शोधायला लावल्या. आजोबांच्या धाकट्या बहिणीची नोंद सापडली, तीत बापाच्या नावापुढे जात लिहिलेली होती. त्या मुलीने तो कागद हातात घेतला आणि म्हणाली, "काका, हाच तर विषय आहे." आम्ही म्हटले, "होय, पण आधी त्याची साक्षांकित प्रत काढ."

इंग्रजीचा प्रश्न उरतोच. मोठ्या संस्थांच्या परीक्षा आणि मुलाखती बहुतेक इंग्रजीत. टाटा संस्थेचे प्रवेश अलीकडे देशव्यापी सामाईक परीक्षेतून होतात. मराठीतून शिकलेल्या मुलांनी इथे घाबरून जावे असे सगळे वातावरण असते. पण एक गोष्ट सांगतो. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर या राज्याचा कारभार मराठीत चालतो. शासन निर्णय मराठीत निघतात. धोरणाचा अभ्यास करणारा इंग्रजी शिकलेला मुलगा मंत्रालयाचा निर्णय उघडतो आणि 'उपरोक्त संदर्भाधीन' या दोन शब्दांपाशी गार होतो. आमच्या मुलीने असे निर्णय डझनांनी वाचले आहेत. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि शासन निर्णयांची चळत, एवढ्यावर धोरणाचे एक वर्ष घरबसल्या होते. ज्यांना नोकरी सोडता येत नाही त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आहेत. लोकप्रशासनाची पदव्युत्तर पदवी तिथून घेता येते. तिला कमी लेखणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांपैकी एकालाही दिवसाची पाळी करून रात्री गृहपाठ लिहिताना पाहिलेले नाही.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी शिष्यवृत्त्या आहेत, राज्याच्याही आणि केंद्राच्याही. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासूनची. तिच्या नियमांत २०२२ साली बदल झाला आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय तीतून वगळले गेले. म्हणजे धारावीतल्या चर्मकाराच्या मुलाला धारावीच्या समाजाचा अभ्यास परदेशी विद्यापीठात या शिष्यवृत्तीवर करता येऊ नये. १९१५ साली हा नियम असता तर कंपनीची वहीखाती कोणी तपासली असती, हा प्रश्न आम्ही नियम लिहिणाऱ्यांना विचारू इच्छितो. देशातही वाट सरळ नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत टाटा संस्थेच्या विद्यार्थ्यांनी संप केला, तो मागासवर्गीय शिष्यवृत्तीधारकांची शुल्कसवलत काढून घेतल्याबद्दल. कागदावर शिष्यवृत्ती असते. पण ती हाती येईपर्यंत फी, वसतिगृह आणि जेवण कोणी भरायचे, हा प्रश्न मच्छीवालीच्या घरी पहिल्याच दिवशी उभा राहतो.

तो प्रश्न तिच्या आईनेच आम्हांला विचारला. आम्ही घरी गेलो होतो. त्या म्हणाल्या, "भाऊ, दोन वर्षं पगार नाय, वर फी. बरं, तेही करू. पण शिकून ती आमची राहील काय? का त्या मोजणीवाल्यांच्यातली होईल?" मुलगी तिथेच बसलेली होती, ती काही बोलली नाही. शेजारच्या एकाने सुचविले की, तिच्याकडून लिहून घ्यावे, पाच वर्षे वस्तीचे काम करीन म्हणून. वस्तीने मग वर्गणी काढावी.

आम्ही त्यांना बडोद्याची हकीगत सांगितली. बाबासाहेबांकडूनही करार लिहून घेतलेला होता, दहा वर्षांचा. ते १९१७ साली परतले, नोकरीवर बडोद्यास गेले, आणि त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. जात लपवून एका पारशी खानावळीत राहिले, तिथूनही काढून दिले गेले, आणि ते मुंबईस परतले. करारावर सही होती, शिक्का होता, शिष्यवृत्ती देणारा राजा उदार होता. माणूसही काम करायला तयार होता. जागा नव्हती ती त्याला ठेवून घेण्याची. तेव्हा वहिनी, कागद करून घेऊ नका, असे आम्ही म्हटले. ती परत आली तर तिने बसायचे कुठे, तिला पगार कोण देणार, तिचे म्हणणे ऐकणार कोण, हे आपण पाहू.

यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग विचारले, "युनियन देईल पगार?"

हा प्रश्न आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवला. चर्चा तीन बैठका चालली आणि ती सोपी नव्हती. एक जुने सहकारी म्हणाले, झाडूवाल्याच्या वर्गणीतून एम.ए. झालेल्या बाईला पगार द्यायचा? त्यांना उत्तर दिले ते एका सफाई कामगार बाईंनी. त्या म्हणाल्या, "वकिलाला देतोच की आपण. तो केस हरल्यावर येतो. ही केस व्हायच्या आधी येईल." ठराव झाला तो असा की, दरमहा प्रत्येक सभासदाकडून पाच रुपये निराळे जमा करावयाचे, त्याचा हिशेब निराळा ठेवावयाचा, आणि संहितांखालचे नियम, कंत्राटांच्या निविदा व पालिकेचा अर्थसंकल्प वाचून सांगणारी एक अर्धवेळ जागा दोन वर्षांनी काढावयाची. ती जागा तिच्यासाठी राखून ठेवलेली नाही. तीही अर्ज करील आणि दुसरे कोणी करील तर तेही पाहिले जाईल. विरोधात चार मते पडली.

अर्ज गेलेले आहेत, तीन ठिकाणी. एका ठिकाणचे मुलाखतीचे बोलावणे आले आहे. आईने त्या दिवशी बाजाराची पाळी बहिणीकडे दिली आहे, कारण तिला मुलीबरोबर फाटकापर्यंत जायचे आहे. या सभागृहात कोणी अशा मुलाखतींना सामोरे गेले असेल, किंवा अशा समितीवर बसले असेल, तर त्यांनी व्याख्यानानंतर आम्हांला भेटावे. येत्या दोन रविवारी सकाळी दहा ते बारा ती आमच्या कचेरीत असेल. तिला प्रश्न विचारून सराव करून घेणारी माणसे हवी आहेत, इंग्रजीत आणि मराठीतही.